रवा आणि एरंडेल

तोसोन्त्सेंगेलच्या शाळेत कपाटाची किल्ली
दोल्गोरबाईंच्या गळ्यात असते, शिट्टीशेजारी.
आत एक यंत्र आहे,
आता नकाशावर नसलेल्या देशात घडवलेलं:
दोन चकत्या, त्यांवर वर्खाच्या पट्ट्या,
आणि चाळीस वर्षांच्या तळव्यांनी गुळगुळीत झालेली मूठ.

बाहेर उणे चौतीस. हवा इतकी कोरडी
की दाराची कडी आधी चावते, मग उघडते.
वसतिगृहात अंधारात स्वेटर काढताना
निळ्या ठिणग्या मुलांनी केव्हाच पाहिल्यात,
त्यामुळे यंत्राच्या ठिणगीला तुमुरखुयाग जांभई देतो.

बाई मग बशी काढतात. काचेची, उथळ.
तांब्याच्या दोन तारा,
दवाखान्यातून मागून आणलेलं एरंडेल,
आणि कागदाच्या पुडीत चिमूटभर रवा.
"हा तर नाश्त्याचा!"
"नाश्त्याचाच. मोजून दिलाय."

रवा तेलावर पसरतो, वाटेल तसा,
मेंढरं सोडल्यासारखा.
उरनबिलेग मूठ फिरवते.
काही होत नाही.
चकत्या कुरकुरतात, वीज पडून गेल्यानंतरचा वास येतो,
काही होत नाही.
मग एक दाणा कूस बदलतो.
कुणी हाक मारली नव्हती.
दुसरा. मग सगळेच,
या तारेपासून त्या तारेपर्यंत, बाक घेत,
फणी फिरवल्यागत.

फळ्यावर: सजातीय, प्रतिकर्षण. विजातीय, आकर्षण.
शब्द मोठे, रवा बारीक. मुलं उतरवून घेतात.

उरनबिलेग हात वर न करताच विचारते,
"रवा नसता, तरी रेषा असत्या?"
बाई आधी चश्मा पुसतात.
"रेषा आपण काढतो. क्षेत्र असतं.
रवा नुसती साक्ष देतो."

यंत्र थांबलं. रेषा लगेच मोडल्या नाहीत;
एरंडेल घट्ट असतं, सवयीसारखं.

रात्री तिला झोप येईना.
सप्टेंबरपासून ती उशी पायथ्याला घेते,
वायव्येकडे, जिकडे घरच्यांनी यंदा तंबू हलवलाय.
रखवालदारीण रागावते, ती सरळ करते, पुन्हा फिरवते.
आज ती उठून बसली आणि तिने ओळ पाहिली:
चौदा खाटा.
नामुनाची उशी तिरकी, दक्षिणेला.
धाकट्या सोलोन्गोचं तोंड भिंतीकडे,
भिंतीपलीकडे नदी, नदीपलीकडे तिची आजी.
कुणी कुणाला सांगितलं नव्हतं.

सकाळी नाश्त्याला रवाच होता, दुधातला, गोड.
तुमुरखुयागने चमचा घालण्याआधी
वाटी थोडी फिरवून पाहिली.