उलगडा

श्चेचिनच्या वाचनालयात, दुसऱ्या मजल्यावर,
मंगळवारी आणि शुक्रवारी
मी माऊस धरायला शिकते.
हलका धरा, बोगुमिलाबाई, क्सावेरी म्हणतो,
तो पळून जात नाही.
तो चोविशीचा, मी एकाहत्तरची.
पहिल्या दिवशी मी एक ठोकळा केला,
चाक जरा जास्त फिरलं
आणि ठोकळा दिसेनासा झाला.
शोध शोध शोधला.
आहे की, तो म्हणाला,
तुम्ही त्याच्या आत शिरलायत.

मला टगबोट करायची आहे. कागदाची, हातभर लांब.
मेवा तिचं नाव, आमच्या भाषेत कुरव पक्षी.
तिचे पत्रे मीच आखले होते
गोदीच्या रेखाटनघरात,
जिथे जमीन हाच कागद होता
आणि आम्ही आठ बायका फेल्टच्या सपाता घालून
खऱ्या मापाच्या जहाजावर गुडघ्यांनी चालायचो.
लवचीक पट्टी, शिशाची वजनं, खडू.
वाकलेलं सपाट करायचं, एवढाच आमचा धंदा.
गोल पोटाचा पत्रा आधी मनात उलगडायचा,
मग जमिनीवर पसरायचा,
मग कापणाऱ्यांच्या हवाली.
संध्याकाळी स्कर्ट झटकला
की अर्धं जहाज धुळीत जायचं.

आता त्याला एक बटण आहे.
बटणाचं नाव उलगडा.

दाबलं.
मेवा फुटली, जराही आवाज न करता.
दोनशे अकरा तुकडे,
प्रत्येकाला नंबर, प्रत्येकाला चिकटवायचे कान,
डोंगरघडीला सलग रेघ, दरीघडीला तुटक.
मी चष्मा काढला, पुसला, परत लावला.
आम्हाला तीन आठवडे लागायचे, मी म्हटलं.
क्सावेरीला वाटलं मी कौतुक करतेय.

पण मागे, पंख्याच्या वर,
जिथे पत्रा दोन्हीकडून वाकतो, खोगीरासारखा,
तिथे पडदा लाल झाला.
हे सपाट होत नाही, सॉफ्टवेअर म्हणालं,
आणि त्याने त्या जागेच्या चिंध्या केल्या,
सव्वीस पट्ट्या, सोललेल्या संत्र्यासारख्या.
मला हसू आलं.
त्या जागेला आम्ही सासू म्हणायचो.
लोखंडालाही तिथे भट्टी लागायची.
गेरार्ड, एका कानाने बहिरा,
तापलेल्या पत्र्याची हातोड्याने समजूत काढायचा
आणि वरून माझ्यावर ओरडायचा,
दोन बोटं जास्त ठेव गं,
पत्रा ताणला की तुझी रेघ खोटी पडते.

सव्वीसच्या सव्वीस पुसल्या.
एकच तुकडा काढला, कडेला चार कातरी,
दोन बोटं जास्त,
माऊस चांगला घट्ट धरून.

स्वयंपाकघरात दीड महिना पसारा.
संपलेल्या बॉलपेनने घड्या दाबल्या,
कापलेल्या पांढऱ्या कडा रंगवल्या,
जेवण स्टुलावर.
शेवटी सासू.
किटलीच्या वाफेवर धरली, तळहातावर घेतली,
चमच्याच्या पाठीने फिरवत राहिले.
कागद लोखंडापेक्षा लवकर रुसतो.
दोन फाटले.
तिसरा ऐकू लागला तेव्हा
ट्रामही बंद झाल्या होत्या.

शुक्रवारी बोट पिशवीतून काढून टेबलावर ठेवली.
क्सावेरीने ती उलटीपालटी केली,
त्याचं बोट मागच्या बाजूला येऊन थांबलं,
पुढे गेलं, परत तिथेच आलं.
हे कुठल्या आज्ञेने केलंत?
मी त्याला घरी बोलावलंय. चमचा आणायला सांगितलाय,
त्याचा स्वतःचा, हाताच्या सवयीचा.

एक तुकडा मात्र उरला.
एकशे सत्तावन्न.
बोट पुरी झाली आहे, कुठे फट नाही,
तरी हा आहे, बोटाच्या पेराएवढा, दोन कानांचा.
कुठला ते फाईल उघडली की कळेल.
मंगळवारी बघेन.
तोवर खिडकीत ठेवलाय, वर काडेपेटी,
उडून जाऊ नये म्हणून.