कानावरची खूण

इनारीच्या उत्तरेला, उणे अडतीस अंशांत,
रेनडिअरच्या गळ्यातला पट्टा
तासातून एकदा बोलतो. बारा बाइट.
कुठे आहे, किती हलतोय, इतकंच.

मी ओउलूत बसून त्याला कुजबुजायला शिकवतो.
आठ बिटांचा जीव, दोन किलोबाइटची खोली,
तिच्यात मोठी कुलपं मावत नाहीत.
मग मिळवायचं, फिरवायचं, उलटवायचं,
पुन्हा मिळवायचं.
दर फेरीला बॅटरीतला एक घास जातो
आणि मे अजून लांब आहे.

राव्दनाला पहिल्याच भेटीत विचारलं होतं,
एकूण जनावरं किती?
तिने कॉफीत चीजचा तुकडा बुडवला.
"झाडाच्या या बाजूला थोडी, त्या बाजूला थोडी."
झाड कुठलं, तेही सांगितलं नाही.
मागाहून कळलं,
मी परक्याचं पासबुक उघडायला गेलो होतो.

तिच्याकडे कुलूप आधीपासूनच होतं:
वासराच्या कानावर सुरीचे काप,
डावीकडे दोन खाचा, उजवीकडे टोक उडवलेलं.
धावत्या कळपातून वाचते ती. बॅटरी लागत नाही.
भिंतीला कान असतात म्हणे;
इथे भिंती नाहीत, नुसते कान.

जानेवारीतल्या एका रात्री
पट्टा क्रमांक चारशे सतरा
तेच बारा बाइट बोलला. पुन्हा तेच. पुन्हा.
थंडीने बॅटरी बसत होती, उठत होती,
आणि दर वेळी मोजणी शून्यापासून.
प्रत्येक निरोपाला नवा आकडा, हा नियम माझाच;
तो मात्र एकच मुखवटा घालून जागा होत होता.

किल्ली माझ्यापाशी नव्हती, राव्दनाच्या फोनमध्ये होती.
तरी एका ओळीतून दुसरी वजा केली
आणि उरलं शून्य, शून्य, शून्य.
म्हणजे जागा तीच. हालचाल नाही.
किल्लीवाचून मला जे कळलं
ते रस्त्यावर दिवे मालवून थांबलेल्या
कुठल्याही गाडीत कळलं असतं.

फोन लावला. "चारशे सतरा," एवढंच म्हणालो.
पलीकडे काही नाही.
मग स्नोमोबाइल सुरू झाल्याचा आवाज.

उजाडेपर्यंत सहा ओळी लिहिल्या:
बोलण्याआधी आकडा लिहून ठेव,
वीज गेली तरी पुसणार नाही अशा जागी.
किंमत, हिवाळ्यातले नऊ दिवस.

आठवड्याने पार्सल आलं. पट्टा,
बकलात अडकलेले चार राखी केस.
कान तिने ठेवून घेतला होता.
विचारलं, नऊ दिवस कमी चालतील?
"चालतील."
पुढचा प्रश्न जिभेवर आला होता, गिळला.
माझ्या खिडकीबाहेर एकच झाड आहे, बर्च.
दोन्ही बाजूंना बर्फ.