आवंढा

अपिंग्टनला जानेवारीत
उभ्या विमानाच्या पंखाला हात लावायचा
तर आधी बोट ओलं करून बघावं.
बापाने ते शेडमध्ये बांधलं, साडेसहा वर्षं,
सुताराच्या हाताने, शाळामास्तराच्या हट्टाने.
रिव्हेट मी धरले. हिशेब त्याने ठेवला.

टाक्या पंखांत, खाली.
इंजिन पुढे, वर.
आणि पंप इंजिनालाच चिकटलेला,
तापल्या तव्याशेजारी बसून
खालचं पेट्रोल ओढून घेणारा.
"चालतं," बाप म्हणाला. "पुस्तकात बसतं."

त्या दुपारी काकामासला उतरलो.
पंचवीस मिनिटं. कॉफी, आत्याची विचारपूस,
तिच्या नव्या फ्रीजचं कौतुक.
इंजिन बंद, म्हणजे निवत असेल,
असं वाटतं ना?
निवत नाही. वारा थांबला की लोखंडातली धग
झाकणाखाली कोंडते, नळ्यांत शिरते,
भांडण मिटल्यावर
एकट्याने भांडी घासताना चढणाऱ्या रागासारखी.

उडालो.
तीनशे फुटांवर सुई थरथरली.
इंजिनाने एक आवंढा गिळला,
मग दुसरा,
तिसऱ्याला गिळायला काही नव्हतं.
टाक्या भरलेल्या होत्या, हो.
नळीतही पेट्रोल होतं, पण वाफ होऊन,
आणि वाफ पंपाच्या चिमटीत येत नाही.

बाप बोलला नाही. मीही नाही.
खाली बेदाण्यांची वाळवणं, सिमेंटचे लांबच लांब ओटे,
मधून ट्रॅक्टरची वाट.
चाकं टेकली तेव्हा
आंबूसगोड वास कॉकपिटभर.

वाळवण राखणारी सॅना बेउकेस आली, सत्तरीची.
विमान बघून ती काही दचकली नाही.
"आमची लॉरी पण असंच करायची, मास्तर, चढाला."
तिने ट्रकच्या नाकावरची कॅनव्हासची पाण्याची पिशवी काढली,
गोणपाट भिजवलं,
तापाने फणफणलेल्या पोराच्या कपाळावर ठेवावी
तशी घडी पंपावर ठेवली.
चर्र झालं.
थोड्या वेळाने इंजिन लागलंसुद्धा, नीट, एका सुरात.
बापाने ते ऐकलं आणि बंद केलं.
गोणपाटाच्या भरवशावर कुणी उडत नाही.
पंख उतरवून, ट्रॅक्टरच्या ट्रेलरवर घालून
आम्ही विमान घरी आणलं.

मार्चपर्यंत सगळं उसवलं.
पंप खाली घेतला, टाकीच्या कुशीत.
आता तो ओढत नाही, ढकलतो.
ओढलं की पेट्रोल सैलावतं, उकळतं,
ढकललं की अंग आवरून राहतं.
एवढं कळायला एक माळ लागला, एक म्हातारी.
नळीची कमान काढली, तिथे बुडबुडा दबा धरून बसायचा.
काटकोनी सांधे तीन होते, एक राहिला, इलाज नव्हता.
नळीला विटकरी रंगाची जाड बाही,
गाळणीवर बाहेरच्या वाऱ्याची थेट फुंकर.
आणि परतीची नळी:
इंजिनाला नको असलेलं पेट्रोल, वाफेसकट, माघारी.

"ज्या टाकीतून निघालं त्याच टाकीत," बापाने दोनदा बजावलं.
"नाहीतर एक भरून वाहते, दुसरी कोरडी पडते,
आणि तुला कळत नाही, लिझेल, गेलं कुठे."
केपटाउनच्या बसचं माझं तिकीट
तेव्हा फ्रीजवर चुंबकाखाली होतं.
तो नळीबद्दलच बोलत होता.
माझा बाप नेहमी नळीबद्दलच बोलतो.

आता रविवारी फोनवर विचारते,
उतरल्यावर नाक वाऱ्याकडे केलंस?
तेलाचं झाकण उघडं ठेवलंस?
"चाळीस मिनिटं," तो म्हणतो.
मग फोनमध्ये नुसती शेडच्या पत्र्याची कुरकुर.

नाताळात गेले तेव्हा त्याची वही चाळली,
वजनांची, ग्रॅमपर्यंत काटेकोर.
बॅटरी, पंप, परतीची नळी, बाही.
शेवटी, बारीक अक्षरात, सीटमागचं सामान:
गोणपाट एक, सुकं, चारशे दहा ग्रॅम.
ओलं किती, ते लिहिलेलं नाही.