तांदळातलं नाव

वॉर्डातल्या शिबिराला ती आली नव्हती.
समाजभवनात पंखे होते, लाल खुर्च्या होत्या,
रक्तदाब मोजणारी मुलगी होती, समोसे तर उरले.
माझ्या यादीत अकरा विधवा. दहा येऊन गेल्या.
म्हणून संध्याकाळी मोपेड काढली,
शिंदे की छावणीच्या उतारावरून, स्वर्णरेखेच्या सुक्या नाल्याकडेनं,
फाइल शर्टाच्या आत, पोटाशी,
सिग्नलमध्ये असताना कोडबुक न्यायचो तशी.

दार तिनंच उघडलं.
म्हणाली, सरकारी असाल तर चपला राहू द्या,
मराठी असाल तर काढा.
मी काढल्या.

नाईक हरबाजी इंगळे मार्चात गेले.
तेव्हापासून हिची पेन्शन अडकलीय,
आणि अडकलीय नावात.
पलटणीच्या कागदावर पत्नी गोदावरी.
आधारात, रेशनकार्डात, बँकेत, मतदारयादीत
विजया.
सात महिने अलाहाबादहून एकच पत्र येतं:
ही दुसरी कोण?

काकू, सोपं आहे, मी म्हणालो.
स्टॅम्पपेपर, नोटरी, दोन साक्षीदार.
'गोदावरी व विजया या एकच व्यक्ती आहेत.'
महिन्याला अशी चार शपथपत्रं करतो मी.
तिथल्या बाबूला काय ठाऊक,
आपल्याकडची मुलगी उंबरा ओलांडते
ती एक नाव बाहेर ठेवून.

ती हसली नाही. गजकाची बशी पुढं सरकवली.

बहात्तरचा फेब्रुवारी, म्हणाली.
लढाई नुकती संपलेली. हे सुट्टीवर, पायाला पट्टी.
सासूबाई म्हणाल्या, पोरगा जिंकून आला,
सुनेचं नाव विजया.
ताटात तांदूळ पसरले. ह्यांनी अंगठीनं लिहिलं,
आईनं सांगितलं ते. व वाकडा आला.
साखर वाटली.
मी मूळची गोदावरी. नदी काही पाहिली नाही,
माझ्या आजोबांनीही नव्हती पाहिली,
पण ग्वाल्हेरात राहून मुलीचं नाव तेच ठेवायचं,
एवढं त्यांना पक्कं कळत होतं.
तांदूळ दुसऱ्या दिवशी शिजले.

मी फाइल उघडली.
निळी शाई, इंग्रजी अक्षरं सुटी सुटी, दाबून लिहिलेली.
तारीख जून बहात्तर, म्हणजे लग्नाला चार महिने झालेले.
आणि खाली, रकाना नसताना,
देवनागरीत पुन्हा एकदा: गोदावरी.

तिनं चष्मा लावला, काढला, पदरानं पुसला, लावला.
बोट ओळीवरून नेलं,
ताटावरून न्यावं तसं.
हा व त्यांचाच, म्हणाली.

मग बराच वेळ कुकरच्या शिट्ट्या, शेजारच्या घरातल्या.

बावन्न वर्षं नुसतं 'अगं' म्हणायचे.
मला वाटायचं, नाव घ्यायला लाजतात.
विजया अशी हाक
एकदाही मारली नाही हो त्यांनी.

मी शपथपत्राचा कागद पुढं केला. तिनं सही केली, विजया, सवयीनं,
आणि विचारलं, आता उलटं करता येतं का?
म्हणजे?
म्हणजे आधारच बदला.

समजावलं मी. राजपत्रात छापावं लागतं,
वर्तमानपत्रात जाहिरात, फी, खेपा,
आणि पेन्शनला आता त्याची गरज नाही.
पेन्शनसाठी कोण म्हणतंय, ती म्हणाली,
गजक घ्या की.

फॉर्म माझ्या पिशवीत होता, एकच, कोपरा दुमडलेला.
दिवा लावून तिनं सांगितलं, मी भरला.
पूर्वीचं नाव: विजया.
नवीन नाव: गोदावरी.
वय: एकाहत्तर.
बदलाचं कारण, असा एक रकाना आहे.
तो तिनं माझ्याकडून काढून घेतला
आणि कोरा ठेवला.