पुढचा एक, मागचा एक

मुर्गाबचा बाजार म्हणजे लोखंडी कंटेनरांच्या दोन रांगा.
आमचा डावीकडून सातवा.
बाहेर याकच्या लोकरीचे मोजे, साबण, मऊ पडलेली बिस्किटं.
आत, खिळ्यांना टांगलेले,
लोकांनी मागे ठेवलेले टायर.

उन्हाळ्यात सायकलवाले येतात,
ओठ फाटलेले, नाकाची सालं निघालेली,
आणि पहिलं वाक्य बहुतेक टायरबद्दलच.
डोंगर कसे होते ते नंतर, चहा झाल्यावर.

एक आला होता, उंच, चष्मेवाला.
चाकं अठ्ठावीस इंची, टायर अंगठ्याएवढा बारीक.
घरी ग्रॅममध्ये तोलून घेतलाय म्हणाला.
बाबांनी तो चिमटीत धरला,
आजारी कोकराची कातडी बघतात तसा,
आणि म्हणाले, "हा डांबराचा. तुझं डांबर मागे राहिलं, पोरा."
अकरा दिवस थांबला तो आमच्याकडे.
त्याच्या मापाचं अख्ख्या पठारावर काही नव्हतं.
इथे सव्वीस इंच चालतं:
मास्तरांची सायकल सव्वीसची, पोस्टाची सव्वीसची,
कुणाच्या तरी कुंपणात अडकवलेलं गंजकं चाक, तेही सव्वीसचंच.
तुर्दुबेकच्या ट्रकमधून ओशहून टायर आला
तेव्हा पोरगा रडला.
तोवर त्याला आमचा खारट चहा आवडायला लागला होता.

हवा किती भरायची यावर बाबांचं कुणाशी पटत नाही.
ते काटा बघत नाहीत, अंगठा दाबतात.
रस्ता पुढे पन्हळी पत्र्यासारखा आहे,
मैलच्या मैल.
टणक टायर त्याच्यावर दात मोजायला लावतो.
आणि दाट नक्षीचा, चिखलात राजा असलेला,
गुळगुळीत रस्त्यावर दिवसभर कुरकुरतो
भाड्याच्या गाढवासारखा.
"सगळ्या रस्त्यांचा टायर नसतो," बाबा म्हणतात.
"जास्तीत जास्त रस्त्यांचा घ्यायचा
आणि उरलेल्या रस्त्यांवर खाली उतरून चालायचं."

या वर्षी मी माझ्यासाठी निवडतेय.

रात्री, बॅटरी तोंडात धरून,
एकेक खाली काढते, आतून हात फिरवते.
रबर बाहेरून खोटं बोलतं, आतून नाही.
कोरियाच्या हे-रिमने ठेवलेला:
मधोमध झिजलेला, पण बाजू धडधाकट,
एक काच अजून रुतून बसलेली. नखाने काढली.
दुसरा कुणाचा ते आठवत नाही,
जवळजवळ नवा, जाड, जड,
उचलला की खांदा तक्रार करतो.

मी जाड तो मागच्या चाकावर चढवला.
ओझं मागेच असतं ना.

सकाळी बाबांनी सायकल उलटी केली,
काही न बोलता दोन्ही टायर उतरवले,
अदलाबदल केली.
"मागचा फुटला तर उशीर होतो," म्हणाले.
"पुढचा फुटला, आणि तेही उतारावर..."
पुढचं वाक्य त्यांनी पंपात घातलं.

कुठे, हे त्यांनी विचारलं नाही.
विचारलं, "सामान किती किलो?"

सतरा, मी म्हटलं.
"तेरा कर."
मग चार किलो काय काय ते आम्ही दोघांनी
ताडपत्रीवर पसरून बघितलं.
केटली राहिली. चांगले बूट गेले.
आईचा शेला दोनदा आत गेला, दोनदा बाहेर आला.
"कापडाला काय वजन," असं म्हणून
त्यांनी तिसऱ्यांदा तो आत कोंबला,
आणि मी वळल्यावर त्याच्याखाली
घडीचा एक टायर,
जो त्यांनी कधी कुणाला विकला नव्हता,
त्या चष्मेवाल्यालासुद्धा दाखवला नव्हता.

निघताना शेवटचा अंगठा दाबला.
फुस्स करून थोडी हवा सोडली.
मला तो मऊ वाटला, मी म्हटलंही.

"आक-बाइतालवर हवाच विरळ," बाबा म्हणाले,
"वर पोचलीस की आपोआप टणक होईल."

तुर्दुबेकने हॉर्न वाजवला, उगीचच.
कंटेनरात खिळे रिकामे, तीन.
त्यातल्या एकावर मी उतरवलेली जुनी ट्यूब अडकवली,
अगदीच ओकंबोकं दिसायला नको म्हणून.