तोळा-मासा

चौथ्या महिन्यात मी दुधाच्या पावडरचा डबा आणला.
घराजवळच्या मेडिकलमधनं नाही,
लांब कराड रोडवरच्या, जिथं आमचं आडनाव कुणाला ठाऊक नाही.
पिशवीत वर कोथिंबिरीची जुडी ठेवली
आणि घरी येऊन डबा ज्वारीच्या कोठीत पुरला.
दळण काढताना हाताला पत्रा लागतो,
अजून दचकते.

सकाळी शकूआत्या येतात.
"अंगावरचंच पाजतेस ना?"
मी हो म्हणते, पदर सावरते.
पदराखाली किती आहे, किती नाही,
ह्याचा हिशोब अख्ख्या गल्लीला हवा असतो.
टोपडं नाही घातलं तर वारं लागेल,
घातलं तर "उकडून काढतीस का काय पोरीला?"
रेवा रडली की दूध कमी पडतंय,
रडली नाही की "लई गप पोर गं, दाखवून आण कुणाला तरी."

नवरा सेलमला. गलाईचं दुकान.
रात्री भट्टी विझली की व्हिडिओ कॉल करतो,
मागं काळ्या भिंती, कपाळाला राख.
"रडते का?" विचारतो.
कोण, ते विचारत नाही.
मी सांगते, नाही.

लग्नानंतर एकदा गेले होते तिकडं.
तुकडा काट्यावर ठेवण्याआधी त्यानं पंखा बंद केला.
वाऱ्यानंही वजन चुकतं म्हणाला.
एवढ्याशा तुकड्यापुढं आम्ही दोघं श्वास धरून उभे.
इथं माझं वजन करताना
पंखा कुणी बंद करत नाही.

एका रात्री, तीन वाजून गेले होते,
तिला गादीच्या मधोमध ठेवलं, दोन्हीकडनं उशा लावल्या
आणि न्हाणीत जाऊन कडी घातली.
नळ पूर्ण सोडला, तिचं रडणं ऐकू येऊ नये म्हणून.
पाणी चार दिवसाआड येतं आमच्याकडं,
ते पाप वेगळं.
पालथ्या बादलीवर बसून मोबाईलमध्ये बघितलं:
अकरा मिनिटं.
मनात आलं, हिला कुणाला तरी देऊन टाकावं.
मग वाटलं, कायमची नको,
झोप झाली की परत आणावी.
बाहेर आले तर झोपली होती ती, मूठ तोंडात,
गालावर मीठ वाळलेलं.
मी तिला उठवलं.
का उठवलं, अजून कळत नाही.

अंगणवाडीत नजमाताई झोळीत घालून वजन करतात.
झोळी हेलकावे खात होती, काटा पुढं-मागं.
मागच्या बाया माना वाकडी करून आकडा शोधत होत्या.
एकजण म्हणाली, "आईसारखीच काडी."
मी म्हटलं, लिहा ताई, जे दिसतंय ते लिहा.
"हलतंय अजून," त्या म्हणाल्या. "थांबू दे की."
आणि झोळीला हात न लावता
नुसत्या उभ्या राहिल्या.

एवढं सगळं सांगितलं, कारण खरं सांगायचं होतं ते पुढंच आहे.

परवा विट्याच्या स्टँडवर
शेजारच्या बाकावर एक बाई बसली होती,
ऊसतोडीची असावी, पायाशी गोणपाटाचं गाठोडं.
मांडीवर रेवाएवढंच पोर,
आणि ती चहात बिस्कीट बुडवून
त्याच्या ओठाला लावत होती.
मी बघितलं.
शकूआत्या बघतात तसंच, आधी पोराकडं, मग आईकडं,
मग परत पोराकडं.
ह्या वयाच्या पोराला चहा!
कसल्या आया असतात एकेक.

तिला माझं बघणं कळलं नाही
किंवा कळलं आणि सोडून दिलं.
रेवा किंचाळायला लागली होती,
तशी तिनं अर्धं बिस्कीट पुढं केलं,
कोरडं, न बुडवलेलं, मोडून.
"घ्या की. भुकेलीय."

"नको," मी म्हटलं, "आम्ही बाहेरचं देत नाही."

पर्समध्ये बाटली होती.
रुमालात गुंडाळलेली. अजून कोमट.