अकरा नंबर

स्विंडनमध्ये पहाटे पावणेतीनला
स्क्रीनवर एक ओळ उमटते:
अकरा नंबरचा प्रोसेसर
एकवीस सेकंद बोललेला नाही.
बाकीचे तेवीस आपापलं सांगून मोकळे झालेत.

नियम साधा आहे. नव्या पोरांना मी
चहा निवेपर्यंत समजावून देते:
जुनं पान लगेच फाडायचं नाही,
कुणीतरी अजून तेच वाचत असेल.
नवं लावा, जुनं बाजूला ठेवा
आणि थांबा,
प्रत्येकाने एकदा तरी मान वर करेपर्यंत.
एकाने नाही केली
तर रद्दी साचत जाते, साचत जाते,
तासाभरात मेमरी गळ्याशी येते
आणि चोवीसच्या चोवीस बुडतात
एका न बोलणाऱ्यापायी.

"मेलाय का?" फोनवर गॅरेथ प्रॉसर विचारतो.
त्याच्यामागे किटली शिट्टी मारतेय.
नाही रे. कामात आहे.
मेलेला लगेच सापडतो.
हा अंगात आल्यासारखा राबतोय,
चार लाख नोंदींची यादी, एकेक खोडत,
दार आतून लावून.
टकटक ऐकू येऊ नये अशी सोय
कुणीतरी करून ठेवलेली, दोन ओळींपुरती.
कुणी, म्हणून इतिहास काढला
तर माझंच नाव.
लग्नाआधीच्या आडनावासकट.
तेव्हा यादी चाळीस नोंदींची होती.

आधी मला वाटलेलं, पहारेकऱ्याचाच घोळ.
तसंही होतं. मोजणाऱ्यालाच पाळी मिळत नाही,
तो रांगेत उपाशी
आणि बोंब दुसऱ्याच्या नावाने.
गेल्या मार्चात चार रात्री
आम्ही एका निरपराध प्रोसेसरला शिव्या घातल्या.

गॅरेथ म्हणतो, मुदत वाढव,
एकवीसची साठ कर, सकाळी बघू.
साठ केली तर साठाव्या सेकंदाला ओरडेल.
भाकरी करपायची ती करपतेच,
वास तेवढा उशिरा येतो.

इथल्या त्या विचित्र चौकात,
एका मोठ्या वर्तुळाभोवती पाच छोटी,
मी दोनदा परीक्षेत नापास झाले.
गाडी शिकवणारी मिसेस टॉझर
गुडघ्यावर बिस्किटांचा पुडा ठेवून म्हणायची,
ब्रेक नको गं, नुसता वेग सोड.
उजवीकडे बघ. कुणी नसेल तर जा.

तेवढंच लिहिते.
दर शंभराव्या नोंदीला दार किलकिलं कर,
बाहेर कुणी ताटकळलंय का बघ,
नसेल तर पुन्हा आत.
तीन ओळी. एक कंस राहिला, तो घातला.
बिल्ड व्हायला बावीस मिनिटं.

बावीस मिनिटं माणसाने काय करावं?
फोनवर क्षमाचा मेसेज आहे, अमळनेरहून,
गेल्या महिन्याच्या एकोणीस तारखेचा:
आईचं शिलाईमशीन
मुलींच्या वसतिगृहाला द्यायचं म्हणतोय.
निशीने हो म्हटलंय, माझंही हो.
तुझं तेवढं कळव.
त्यावर तिनेच परवा टाकलेलं
एक प्रश्नचिन्ह.

मी कामात होते.

लिहिते: देऊन टाका.
खोडते.
तिकडे सव्वाआठ वाजून गेले असतील,
क्षमा शाळेला निघाली असेल, एका हातात पोळीची गुंडाळी.
पुन्हा लिहिते: द्या.
पण आधी खालची पट्टी सरकवून
आतली बॉबिन बघ. काढू नकोस.
नुसती बघ.

मशीन नव्याने उठतं.
शून्य, एक, दोन, करत हजेरी लागते.
अकरा नंबर येतो, जातो, कळतही नाही.
गॅरेथ जांभई देत फोन ठेवतो,
मागे आता कसलाच आवाज नाही.

क्षमा लिहितेय, असं दिसतं.
मग दिसत नाही.
मग पुन्हा लिहितेय.

दोरा आहे अगं अजून.
निळा.